क्षमाधर्म आणि आपला नित्याचा संसार

क्षमेची थोरवी ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य आपल्या समाजात सापडणे कठीण आहे. ती कीर्तनात ऐकू येते, शाळेच्या पाठांत असते, आणि घरातील वडीलधारी मंडळी तर ती दर चार दिवसांनी सांगत असतात. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी गणना आहे तीत क्षमा आहे. मनुस्मृतीने धर्माची जी दहा लक्षणे सांगितली त्यांत धृतीच्या पाठोपाठ दुसरे नाव क्षमेचेच आहे. असे असूनही आपल्या मराठी भाषेकडे पाहिले म्हणजे मोठी मौज वाटते. दुसऱ्याचा अपराध मनात जपून ठेवण्यासाठी या भाषेने शब्दांचे केवढे भांडार उभे केले आहे! आकस, अढी, डूख, दावा, सल, वैर, किल्मिष. शिवाय दात धरणे, खार खाणे, पाण्यात पाहणे, उट्टे काढणे. उलट, अपराध सोडून देण्यासाठी नित्याच्या बोलण्यात दोन-तीनच शब्द; त्यांपैकी 'क्षमा' हा पोथीतला आणि 'माफी' हा अरबी-फारसीच्या वाटेने आलेला. भाषा ही समाजाच्या सवयींची नोंदवही आहे असे मानले, तर आपली सवय कोणती हे निराळे सांगावयास नको.

ही सवय का सुटत नाही? लोक स्वभावाने दुष्ट आहेत असे आम्हांस वाटत नाही. क्षमेविषयी आपल्या मनात एक घोटाळा आहे आणि तो घोटाळाच पुष्कळ अनर्थास कारण होतो, असे आमचे मत आहे. 'क्षमा कर' असे आपण एखाद्यास सांगतो तेव्हा त्या दोन शब्दांत आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. मनातला सूड टाकून दे, ही पहिली. त्या माणसाशी पूर्वीसारखा वागू लाग, ही दुसरी. आणि झाल्या गोष्टीचा जाब कोणास विचारू नकोस, ही तिसरी. पहिलीस आपण क्षमा म्हणू, दुसरीस समेट म्हणू, आणि तिसरीत ज्याचा त्याग करण्यास सांगितले जाते त्यास न्याय म्हणू. क्षमा ही ज्याचा अपराध झाला त्याच्या मनात घडते आणि ती त्यास एकट्याने करता येते. समेटास दोघे लागतात. न्याय हा तर दोघांच्याही बाहेर असलेल्या समाजाचा प्रश्न आहे. या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या म्हणजे काय होते ते पाहा.

दोन भावांत वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून बिनसले. धाकट्यास मनातून वाटते की आता हे ओझे टाकावे. पण क्षमा केली म्हणजे हिश्श्यावरचा हक्क सोडावा लागेल, असे त्याने धरले आहे; म्हणून तो क्षमाही करीत नाही आणि वीस वर्षे थोरल्याच्या नावाने झुरतो. दुसऱ्या एका घरात सुनेस मारहाण होते. ती माहेरी आली की चार शहाणी माणसे तिला क्षमेचा महिमा सांगून त्याच दारात परत नेऊन सोडतात. पहिल्या घरात घोटाळ्यामुळे क्षमा अडली, दुसऱ्या घरात त्याच घोटाळ्याने क्षमेच्या नावावर अन्याय चालू ठेवला. तेव्हा हा विषय केवळ परमार्थाचा नाही; त्यात माणसांची आयुष्ये अडकलेली आहेत.

शब्दाच्या पोटात काय आहे

'क्षमा' हा शब्द ज्या 'क्षम्' धातूपासून आला त्याचा अर्थ सोसणे, सहन करणे असा आहे. परंतु त्याच धातूचा दुसरा अर्थ समर्थ असणे हाही आहे. आपण सक्षम, अक्षम, कार्यक्षम, क्षमता असे शब्द रोज वापरतो, ते याच घराण्यातले. पृथ्वीलाही संस्कृतात 'क्षमा' असे नाव आहे. नांगर, कुदळ आणि पाय सोसूनही ती पीक देते. म्हणजे शब्द घडविणाऱ्यांच्या मनात सोसणे आणि सामर्थ्य ही एकमेकांविरुद्ध नव्हती. ज्याच्या अंगी प्रतिकाराचे बळ आहे, निदान 'नाही' म्हणण्याचे बळ आहे, त्याच्या सोसण्यासच क्षमा हे नाव शोभते. ज्याला दुसरा मार्गच उरला नाही त्याच्या सोसण्यास दुसरे नाव आहे: नाइलाज. नाइलाजास क्षमा म्हणून गौरवणे हा दुबळ्याची थट्टा करण्याचा एक सभ्य प्रकार होय.

महाभारतात विदुराने धृतराष्ट्रास नीती सांगताना या धोक्याचा उल्लेख केला आहे. क्षमावंताच्या ठिकाणी दोष एकच, तो असा की लोक त्यास दुबळा समजतात. पण तेवढ्यासाठी क्षमा टाकू नये, असा त्याचा अभिप्राय आहे.

द्रौपदीचा प्रश्न

क्षमेवरचा आपल्या वाङ्मयातील सर्वांत प्रामाणिक वाद आम्हांस वनपर्वात आढळतो. द्यूत झाले, भर सभेत विटंबना झाली, राज्य गेले, आणि पांडव वनात आले. तेथे द्रौपदी युधिष्ठिरास सरळ विचारते की तुम्हांस राग कसा येत नाही? आपल्या म्हणण्यास आधार म्हणून ती प्रल्हाद आणि त्याचा नातू बळी यांचा जुना संवाद सांगते. बळीने विचारले होते, क्षमा श्रेष्ठ की तेज? प्रल्हाद उत्तर देतो की नेहमी तेजही बरे नाही आणि नेहमी क्षमाही बरी नाही. सदा क्षमा करणाऱ्यास नोकरचाकरही जुमानीत नाहीत. सदा तापट असणाऱ्यापासून आप्तही दूर पळतात. मग क्षमा कोणास करावी? ज्याने पूर्वी आपल्यावर मोठा उपकार केला आहे त्यास. ज्याच्या हातून अजाणता चूक झाली त्यास. आणि ज्याचा पहिलाच अपराध आहे त्यास. जाणूनबुजून केलेल्या आणि पुन्हा पुन्हा केलेल्या अपराधाची गोष्ट वेगळी. युधिष्ठिर यावर क्रोधाचे दोष आणि क्षमेचा महिमा विस्ताराने सांगतो. व्यासांनी या वादात कोणालाही गप्प केलेले नाही. दोघांचेही म्हणणे त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आहे.

हीच द्रौपदी पुढे कशी वागली हे भागवताच्या पहिल्या स्कंधात वाचावयास मिळते. अश्वत्थाम्याने रात्री शिबिरात शिरून तिचे पाचही पुत्र झोपेत मारले. अर्जुन त्यास बांधून तिच्यापुढे आणतो. तेव्हा ती म्हणते की यास सोडा. मी जशी मुलांसाठी रडते आहे तशी याची आई कृपी रडू नये. भीमास हे मान्य होत नाही. शेवटी अर्जुन अश्वत्थाम्याच्या मस्तकावरील मणी केसांसह कापून घेतो आणि त्यास शिबिराबाहेर हाकलून देतो. महाभारताच्या सौप्तिकपर्वात ही कथा निराळ्या रीतीने येते. तेथे द्रौपदी सूडच मागते. पण भागवतातील प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. त्यात सुरुवातीस सांगितलेल्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. द्रौपदीने सूड सोडला, ही क्षमा. अश्वत्थाम्यास कोणी घरात घेतले नाही. म्हणजे समेट झाला नाही. मणी गेला, मान गेला. म्हणजे अपराधाचे फळ त्यास मिळाले. कपाळावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा महाराष्ट्रातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्याचा जीव वाचविणारी द्रौपदी मात्र आपल्या सहसा लक्षात राहत नाही.

कलिंगात न कोरलेला लेख

ग्रंथातून आता शिलालेखाकडे वळू. इ. स. पूर्व 261 च्या सुमारास अशोकाने कलिंग जिंकले. आपल्या तेराव्या शिलालेखात तो स्वतःच सांगतो की त्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीस लागली आणि त्याहून कितीतरी अधिक पुढे मेली. आणि याचा आपणांस पश्चात्ताप होतो. जेत्या राजाने आपल्या कृत्याचे असे आकडे दगडावर कोरून ठेवावे ही इतिहासातील विलक्षण गोष्ट आहे. त्याच लेखात तो म्हणतो की कोणी आपला अपराध केला तर जेवढे क्षमा करण्यासारखे असेल तेवढे क्षमा करावे. लगेच पुढे अरण्यवासी लोकांस तो बजावतो की राजास पश्चात्ताप झाला असला तरी त्याचे सामर्थ्य संपलेले नाही. म्हणजे येथेही क्षमेस मर्यादा आहे आणि ती उघड सांगितलेली आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा तेरावा लेख वायव्येकडे शाहबाझगढीस आहे, सौराष्ट्रात गिरनारला आहे. पण खुद्द कलिंगात, म्हणजे ओडिशातील धौली आणि जौगड येथे, तो कोरलेला नाही. त्याच्या जागी तेथे दुसरे दोन लेख आहेत, आणि त्यांत प्रजेस लेकरांप्रमाणे वागविण्याची व निरपराध्यास तुरुंगात न डाम्बण्याची आज्ञा अधिकाऱ्यांस दिलेली आहे. अशोकाने असे का केले याचे तर्क विद्वानांनी अनेक केले आहेत. आम्हांस त्यातून एवढाच बोध घ्यावासा वाटतो की ज्यांच्या घरातील माणसे मेली त्यांस पश्चात्तापाच्या शब्दांपेक्षा पुढची वागणूक अधिक हवी असते.

संतांची शिकवण

आपल्या संतांच्या चरित्रांत क्षमेच्या कथा पुष्कळ आहेत; परंतु त्या सांगताना आपण त्यांची धार बोथट करतो. पैठणला नाथांवर एक मनुष्य पुनःपुन्हा थुंकला आणि नाथ पुनःपुन्हा गोदावरीचे स्नान करून आले, ही कथा सर्वश्रुत आहे. ती ऐकून श्रोता मनाशी म्हणतो की हे नाथांनाच शक्य, आपले काम नव्हे. आणि घरी जाऊन जुनी अढी पुन्हा नीट घडी करून ठेवतो. म्हणून आम्ही दुसऱ्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधू इच्छितो.

पहिली ताटीच्या अभंगांची. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताईने त्यांस बाहेर येण्याची विनवणी केली, अशी परंपरागत कथा आहे. ज्या ज्ञानदेवांनी पुढे पसायदानात दुष्टांचा नाश न मागता त्यांच्या मनातला दुष्टपणा जावा असे मागितले, त्यांनाही एके दिवशी दार लावून घ्यावेसे वाटले, हे परंपरेने लपविलेले नाही. यातून सामान्य माणसास मोठा धीर मिळतो. दुखावले जाणे हा क्षमेतला कमीपणा नाही. राग येणे म्हणजे साधना फसली असेही नाही. ताटी लागते, ती किती दिवस लावून ठेवायची एवढाच प्रश्न असतो. आणि पुष्कळदा ती उघडण्यास बाहेरून एखादी मुक्ताई लागते, म्हणजे आपल्या दुःखाची थट्टा न करता आपल्याशी खरे बोलणारे एखादे माणूस.

दुसरी गोष्ट तुकोबांची. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकोबांच्या कवित्वास विरोध केला आणि त्यातून वह्या इंद्रायणीत बुडवण्याचा प्रसंग आला, असे चरित्रकार सांगतात. तेच रामेश्वर भट पुढे बदलले आणि तुकोबांचे अनुयायी झाले. आज देवळादेवळांतून म्हटली जाणारी तुकोबांची आरती त्यांच्याच नावावर आहे. हा समेटाचा उत्तम दाखला होय. अपराध करणाऱ्याने आपली दिशा पालटली आणि ज्याचा अपराध केला त्याचे मोठेपण उघडपणे मान्य केले, तेव्हा तो समेट घडला. तुकोबांची क्षमा एकट्याची असू शकली असती. ही मैत्री मात्र दोघांनी मिळून केली.

वर्षातून एक दिवस

क्षमा ही मनाच्या लहरीवर सोडली तर ती राहूनच जाते, हे जाणून काही समाजांनी तिच्यासाठी दिवसच नेमून ठेवला आहे. आपल्या गावोगावच्या जैन बंधूंचे पर्युषण भाद्रपदात येते. श्वेतांबरांचे पर्व आठ दिवसांचे. त्याच्या अखेरीस संवत्सरी. दिगंबरांचे दशलक्षण पर्व दहा दिवसांचे; त्यातला पहिला दिवस उत्तम क्षमेचा, आणि पर्व संपल्यावर क्षमावाणी. त्या दिवशी लहान-थोर सारे एकमेकांस 'मिच्छा मि दुक्कडं' म्हणतात. माझे दुष्कृत निष्फळ होवो, असा त्या प्राकृत शब्दांचा अर्थ. आपला समजूतदार शेजारी हे शब्द म्हणतो तेव्हा आपण हसून 'बरं बरं' म्हणतो आणि पुढे जातो. परंतु त्यातली योजना पाहण्यासारखी आहे. वर्षाच्या आत खाते मिटवावे, थकबाकी पुढे ओढू नये, असा तो नेम आहे. नुसते शब्द उच्चारून तो पुरा होत नाही, हे त्या समाजातील आचार्यच सांगत असतात.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील गावांत शतकानुशतके राहिलेले आणि मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक ज्या यहुदी धर्माचे आहेत, त्या धर्मातही प्रायश्चित्ताचा एक मोठा उपवास आहे. त्याविषयी मिश्ना या त्यांच्या प्राचीन ग्रंथात एक नियम आहे. देवाचा जो अपराध झाला असेल त्याचे प्रायश्चित्त त्या दिवशी होते. परंतु माणसाचा अपराध झाला असेल तर त्या माणसाची समजूत घातल्यावाचून तो दिवसही उपयोगी पडत नाही. देवळात दिवा लावून शेजाऱ्याचे देणे फिटत नाही, असा त्याचा आपल्या भाषेत अर्थ. आम्हांस हा नियम सर्व धर्मांनी उचलावा इतका मोलाचा वाटतो.

एका राष्ट्राने केलेला प्रयोग

क्षमा आणि न्याय यांचा झगडा एका राष्ट्राने आपल्या काळात उघड्यावर मांडला. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट 1994 साली संपली. जुने अपराध विसरावे तर ज्यांची मुले नाहीशी झाली त्यांस काय सांगावे? सर्वांवर खटले भरावे तर नवे राज्य रक्तपाताविना उभे राहील काय? 1995 साली कायदा होऊन 'सत्य आणि समेट आयोग' स्थापन झाला; आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष. 1996 च्या एप्रिलपासून जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. एकवीस हजारांहून अधिक पीडितांनी आपली कहाणी आयोगापुढे नोंदविली. राजकीय हेतूने अपराध करणाऱ्याने सगळे सत्य सांगितले तर त्यास शिक्षेतून सूट मिळे. सुमारे सात हजार अर्ज आले; 849 जणांस सूट मिळाली. बहुतेकांची मागणी फेटाळली गेली.

कोणी म्हणेल, हे तर क्षमेचे मोठे यश झाले. आम्ही इतक्या घाईने तसे म्हणणार नाही. स्टीव्ह बिको हे तेथील तरुण पुढारी 1977 साली पोलिसांच्या कोठडीत मारले गेले. सरकार परस्पर सूट देणार, मग आमच्या न्यायाच्या हक्काचे काय, असे विचारीत त्यांच्या कुटुंबीयांनी इतरांबरोबर 1996 साली घटना न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने कायदा वैध ठरविला. पुढे 1999 साली बिको प्रकरणातील पोलिसांस आयोगाने सूट नाकारली. परंतु सूट नाकारलेल्यांवर खटले भरण्याचे काम पुढे रेंगाळतच राहिले, इतके की ते कोणी अडविले याचा शोध घेण्यासाठी 2025 साली त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांना चौकशी आयोग जाहीर करावा लागला. तात्पर्य, सरकार माफी देऊ शकते. क्षमा देण्याचा अधिकार मात्र ज्याचे गेले त्याच्याच हाती राहतो. आणि सत्य कबूल झाल्यावर न्यायाचे राहिलेले काम अर्धवट सोडले तर तीस वर्षांनंतरही ते दार ठोठावते.

आपला कायदाही हा भेद ओळखतो. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 359 व्या कलमात तडजोड करता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे. त्यांतील काहींत पीडित स्वतः तडजोड करू शकतो, काहींत न्यायालयाची परवानगी लागते. आणि खुनासारखे गुन्हे त्या यादीत नाहीतच. मृताच्या मुलाने मनाने क्षमा केली तरी खटला चालतो, आणि तसा तो चालला म्हणून मुलाची क्षमा खोटी ठरत नाही. जमिनीच्या, वाटणीच्या, देण्याघेण्याच्या वादांसाठी लोकअदालत आहे. तेथे दोघांच्या संमतीने झालेल्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. वर सांगितलेल्या धाकट्या भावाने आपला हिस्सा तेथे रीतसर मागावा आणि थोरल्याविषयीची जळजळही सोडावी. या दोन गोष्टी एकाच दिवशी करण्यास कोणतीच आडकाठी नाही.

साधना कशी करावी

आता मुख्य प्रश्न. क्षमा ठरवून करता येते काय? अलीकडच्या मानसशास्त्राचे उत्तर होकारार्थी आहे. अमेरिकेतील एव्हरेट वर्दिंग्टन या मानसशास्त्रज्ञाने क्षमेच्या पाच पायऱ्यांची एक पद्धत बसविली. त्याचा अभ्यास चालू असतानाच, 1995 सालच्या अखेरच्या रात्री, त्याच्या वृद्ध आईचा घरात शिरलेल्या चोराकडून खून झाला आणि आपली पद्धत त्यास स्वतःवरच वापरून पाहावी लागली. या पद्धतीवर आधारलेली एक लहान अभ्यासपुस्तिका कोलंबिया, दक्षिण आफ्रिका, युक्रेन, इंडोनेशिया आणि हाँगकाँग या पाच ठिकाणच्या 4,598 लोकांवर अजमावून पाहण्यात आली. त्याचा निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी पुस्तिका आधी पुरी केली त्यांच्या मनातील अढी, तसेच खिन्नता आणि चिंता, ही वाट पाहणाऱ्या गटापेक्षा दोन आठवड्यांनी कमी आढळली. पुस्तिका काही तासांतच पुरी होणारी होती. तेव्हा क्षमा ही संतांचीच मिरास नाही. पोहण्यासारखी ती शिकता येते.

आमच्या वाचकांसाठी या साधनेची रीत आम्ही आपल्या संसारास जुळेल अशी मांडतो. प्रथम, अपराध नेमका काय झाला ते एका वाक्यात स्वतःशी सांगावे, शक्य तर लिहावे. 'त्याने माझा जन्म वाया घालवला' हे वाक्य उपयोगाचे नाही. 'त्याने मला न विचारता आईचे दागिने मोडले' हे उपयोगाचे आहे. अपराधाची हद्द आखली म्हणजे रागासही हद्द पडते. क्षमेच्या घाईत 'तसे काही झालेच नाही' असे म्हणणेही चूक, कारण जे झालेच नाही त्याची क्षमा कसली करणार?

दुसरे, मुद्दल आणि व्याज वेगळे काढावे. दागिन्यांचे नुकसान हे मुद्दल. त्यानंतर दहा वर्षे मनात जे संवाद रचले, त्याच्या मुलाच्या लग्नास न जाता आपल्याच पुतण्याच्या अक्षतांना मुकलो, रात्रीची झोप घालवली, ते सारे व्याज. आणि ते आपण आपल्याच खिशातून भरले आहे. मुद्दलाचा हिशोब पुढे मागायचा तर मागावा. व्याज भरणे आज थांबवता येते.

तिसरे, समोरचा माणूस त्या वेळी कोणत्या अडचणीत होता हे एकदा त्याच्या बाजूने पाहावे. हे त्याचे वकीलपत्र घेण्यासाठी करावयाचे नाही. तो राक्षस नसून चुकणारा, भिणारा, लोभात पडणारा माणूस आहे, एवढे दिसले तरी पुरे. आपण स्वतः कोणाच्या तरी क्षमेवर कधी जगलो आहोत, हे आठवले तर ही पायरी सोपी जाते.

चौथे, सूड सोडण्याचा निश्चय करावा आणि त्या निश्चयास काही बाहेरची खूण द्यावी. दिवसानुदिवस जे टोमणे आपण मारतो त्यांतला एक बंद करणे, चारचौघांत त्याची निंदा चालली असता त्यात भर न घालणे, ही खूण पुरेशी आहे. पाचवे, राग पुन्हा आला तर घाबरू नये. जुने दुखणे पावसाळ्यात ठणकते, तसा सणावारी, लग्नाकार्यात हा सल उठतो. निश्चय मोडला असे न समजता तो पुन्हा करावा.

आणि शेवटी, समेट करावयाचा की नाही हे स्वतंत्रपणे ठरवावे. अपराध्याने चूक कबूल केली आहे काय? नुकसान भरण्याची तयारी दाखविली आहे काय? वागणूक पालटली आहे काय? तिन्हींचे उत्तर नाही असेल, तर मनातून क्षमा करूनही दाराची कडी लावून ठेवण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. जिवास धोका असलेल्या स्त्रीस तर तो अधिकार नुसता नाही, ते तिचे कर्तव्यच आहे. तिला क्षमेचा उपदेश करणाऱ्याने आधी तिच्या सुरक्षिततेची हमी घ्यावी. ती घेता येत नसेल तर त्याने गप्प बसावे.

क्षमा मागणाऱ्यासही दोन शब्द सांगितले पाहिजेत. 'माझे काही चुकले असेल तर माफ करा' हे वाक्य आपल्याकडे फार चालते. त्यातल्या 'असेल तर'ने सारी माफी नासते. काय चुकले ते नाव घेऊन सांगावे. 'पण' या शब्दाने पुढचे वाक्य सुरू करू नये. भरपाई काय करणार ते सांगावे. आणि क्षमा मिळाली नाही तर तिच्यासाठी तगादा लावू नये. मागणे आपल्या हाती आहे, देणे समोरच्याच्या.

इतके सांगून झाल्यावर कोणी विचारील की एवढा खटाटोप कशासाठी? आहे ते चालले आहे, काय बिघडले? आम्ही त्यास एवढेच म्हणू की आपल्या गावातल्या कोणत्याही घाटावर दहाव्याच्या दिवशी जाऊन पाहावे. वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहिलेले भाऊ तेथे शेजारी बसलेले असतात, कावळा शिवण्याची वाट पाहत. गेलेल्याचे काय राहून गेले याचे तर्क चाललेले असतात. कोणी म्हणतो घराचे काय ते वचन द्या, कोणी म्हणतो धाकट्याशी बोलणे राहिले. ते वचन त्या वेळी मोठ्याने दिले जाते. ज्यास ते ऐकावयाचे होते तो दहा दिवसांपूर्वीच गेलेला असतो. हेच शब्द एखाद्या साध्या रविवारी, चहाच्या वेळी, जाऊन बोलता येतात. त्यासाठी घाट लागत नाही आणि पंचांगही पाहावे लागत नाही.